मुलांच्या आवडीचे बोट धरून

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रंथांसाठी घर बांधले, ही गोष्ट आपण सारेच आपल्या मुलांना अभिमानाने सांगतो. दादरच्या हिंदू कॉलनीतील 'राजगृह' हे ज्ञानाच्या अखंड तृष्णेचे स्मारक आहे. ज्या समाजाला अक्षराचा स्पर्शही नाकारला गेला, त्या समाजाने पुस्तकाला आपल्या मुक्तीचे साधन मानले, यात नवल नाही. आजही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते, ती पाहिलेल्या माणसाला वेगळा पुरावा लागत नाही. हातावर पोट असलेली माणसे गावी परतताना पिशवीतून पुस्तके घेऊन जातात. या परंपरेचे आपण वारस आहोत.

म्हणूनच परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतून जेव्हा "आमचा मुलगा वाचत नाही हो!" असे उद्गार ऐकू येतात, तेव्हा त्यामागील वेदना इतर पालकांच्या वेदनेपेक्षा अधिक खोल असते. इतरांना मुलाच्या परीक्षेतील गुणांची चिंता असते. आपल्याला मात्र वाटते की, एवढ्या कष्टाने पेटवलेली मशाल आपल्याच घरात विझते की काय! दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाड खंड मांडलेले असतात, शेजारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' असतो, आणि त्याच खोलीत दहा वर्षांचे मूल जमिनीवर पालथे पडून फुटबॉलपटूंची चित्रे न्याहाळीत असते. त्या कपाटाकडे ते ढुंकूनही पाहत नाही. आईवडील हताश होतात. मग "काहीतरी कामाचे वाच" असा आदेश सुटतो आणि हातातील चित्रांचे पुस्तक बाजूला ठेवले जाते.

या लेखात मला एवढेच म्हणावयाचे आहे की, बाजूला ठेवलेले ते पुस्तकच कपाटापर्यंत जाण्याचा खरा रस्ता आहे. आपण आपल्या हाताने तो बंद करीत आहोत.

"मूल वाचत नाही" या तक्रारीचा अर्थ बहुधा "मला जे वाचावेसे वाटते ते मूल वाचत नाही" असा असतो. तेच मूल आगगाड्यांची वेळापत्रके तोंडपाठ म्हणून दाखविते, डायनासोरांची दहा-दहा अक्षरी नावे न अडखळता उच्चारते, सामन्यांचे निकाल आणि खेळाडूंचे वय, उंची, मूळ देश हे सारे सांगते. हे त्याने कोठून मिळविले? त्यातले पुष्कळसे वाचूनच मिळविले. परंतु त्या वाचनाला आपण वाचन मानावयास तयार नसतो.

बाबासाहेबांच्या चरित्राकडेच या दृष्टीने पाहावे. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना विद्यार्थी भीमरावाला शालेय पुस्तकांपेक्षा बाहेरच्या पुस्तकांचाच नाद अधिक होता. सुभेदार रामजी सकपाळांना हे फारसे रुचत नसे, क्रमिक पुस्तकांकडे दुर्लक्ष होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. परंतु मुलाने नवे पुस्तक मागितले म्हणजे त्या पित्याने ते कधी नाकारले नाही. पैसे नसले तर विवाहित मुलींकडून उसने घेतले, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवला आणि पुस्तक आणून दिले. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर वाचीत बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींच्या नजरेस पडला. केळूसकर हे शिवचरित्रकार, बुद्धचरित्रकार, मोठे व्यासंगी गृहस्थ. त्यांनी त्याची विचारपूस केली, त्याच्या वाचनाची नाडी ओळखली आणि त्याला पुस्तके देण्यास आरंभ केला. पुढे मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेत त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. ते पुस्तक कोणत्या इतिहासाचे बीज ठरले, हे आपल्याला सांगावयास नको. येथे ध्यानात घ्यावयाचा आहे तो घटनांचा क्रम. आधी मुलाचा स्वतःचा नाद, मग त्या नादाला पितृहृदयाचा आधार, मग एका जाणत्या माणसाची नजर आणि सर्वांत शेवटी बुद्धचरित्र. आपण परदेशात हा क्रम उलटा करू पाहतो आणि पहिल्याच दिवशी शेवटचे पुस्तक मुलाच्या हाती देतो.

हाच विचार शिक्षणशास्त्राच्या भाषेत मांडणारा ग्रंथ ज्या वर्षी अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी, म्हणजे १९१३ साली, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ग्रंथाचे कर्ते होते बाबासाहेबांचे आदरणीय प्राध्यापक जॉन ड्यूई, आणि त्याचा विषय होता शिक्षणातील आवड आणि परिश्रम यांचा संबंध. कडू गोळीला साखरेचे वेष्टण लावावे त्याप्रमाणे नीरस विषयाला वरून गोडी लावणे, हा ड्यूईंना मान्य असलेला मार्ग नव्हता. निव्वळ सक्तीने करवून घेतलेले श्रमही त्यांना मान्य नव्हते. मुलाला ज्यात खरोखर रस आहे त्यातूनच खरा परिश्रम जन्माला येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आवड आणि कष्ट ही एकमेकांची शत्रू नाहीत, हे सूत्र आपल्यासारख्या कष्टाळू पालकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे १९८८ साली डोना रेख्ट आणि लॉरेन लेस्ली या अमेरिकन संशोधक महिलांनी सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांवर एक साधा, परंतु बोलका प्रयोग केला. मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचावयास दिले आणि वाचलेले आठवून छोट्या बाहुल्यांच्या साह्याने तो खेळ पुन्हा मांडून दाखवावयास सांगितले. वाचनात कच्ची, परंतु बेसबॉलची जाणकार असलेली मुले, वाचनात तरबेज पण बेसबॉलविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. अर्थ स्पष्ट आहे. आवडीच्या विषयाचे ज्ञान साठले म्हणजे मूल आपल्या 'पातळी'च्या वरचेही वाचू शकते. नेदरलँड्समधील प्राथमिक शाळांत 'आव्ही' नावाची वाचनपातळी मोजतात. त्या पातळीचा आकडा पाहून खचून जाणाऱ्या पालकांनी हा प्रयोग अवश्य आठवावा.

आता ज्या देशात आपण राहतो तेथील स्थिती पाहू. पुस्तकांच्या बाबतीत नेदरलँड्स हा देश समृद्ध आहे. हार्लेमचे सार्वजनिक ग्रंथालय अठरा वर्षांखालील मुलांकडून वर्गणी घेत नाही. १९५५ पासून दर वर्षी शरद ऋतूत 'किंडरबूकेनवेक' म्हणजे बालपुस्तक सप्ताह साजरा होतो. त्याला प्रतिवर्षी एक विषय ठरवून दिलेला असतो. २०१९ साली प्रवास आणि वाहने, २०२० साली इतिहास, २०२२ साली निसर्ग असे विषय होते. विषय ठरला की शाळा, ग्रंथालये, पुस्तकांची दुकाने सारी त्याच विषयाने सजतात. एवढे असूनही पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय 'पिसा' चाचणीत डच मुलांचे वाचनाचे सरासरी गुण २०१८ मधील ४८५ वरून २०२२ मध्ये ४५९ पर्यंत घसरले, आणि सुमारे एक तृतीयांश मुले किमान अपेक्षित पातळीही गाठू शकली नाहीत. तात्पर्य, पुस्तके विपुल असणे आणि वाचनाची गोडी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या काचेच्या कपाटालाही हेच तात्पर्य लागू पडते.

मग ही गोडी लागावी कशी? हार्लेममध्येच मिळणाऱ्या तीन उदाहरणांनी मी माझे म्हणणे स्पष्ट करतो.

पहिले उदाहरण आगगाडीचे. लहान मुलांना आगगाडीचे जे वेड असते त्याला देश वा जात नाही. आपल्या हार्लेमच्या मुलांनी तर या वेडाचा विशेष अभिमान बाळगावा, कारण नेदरलँड्समधील पहिली आगगाडी २० सप्टेंबर १८३९ रोजी ॲमस्टरडॅमहून धावली ती हार्लेमलाच आली. 'दे आरेंड' म्हणजे 'गरुड' नावाच्या इंजिनाची प्रतिकृती उत्रेख्तच्या रेल्वे संग्रहालयात पाहावयास मिळते. हे वाचलेल्या मुलाला सहज प्रश्न पडतो, "भारतातली पहिली गाडी केव्हा धावली?" १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे. मग आजोबांच्या गावाचे स्थानक नकाशावर शोधावयाचे. आणि असे करता करता एके दिवशी, मुलाचे वय झाले म्हणजे, साताऱ्याहून निघालेल्या आणखी एका आगगाडीची गोष्ट त्याच्या वाचनात येईल. १९०१ साली लहानगा भीम घरातील इतर मुलांसह वडिलांना भेटावयास निघाला होता. मुले नव्या कपड्यांत, आनंदात होती. मसूर स्थानकावर ती उतरली, न्यावयास कोणी आले नव्हते, आणि मुलांची जात कळताच स्थानकावरील माणसांची वागणूक पालटली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. रेल्वेचे वेड असलेल्या मुलाला त्या प्रवासातील आनंद आधी कळेल, आणि म्हणूनच नंतरचा आघातही त्याला अधिक कळेल.

दुसरे उदाहरण फुटबॉलचे. रुड गुलिट हे नाव या देशात कोणाला ठाऊक नाही? परंतु या थोर खेळाडूने किशोरवयात आपल्या व्यावसायिक खेळाची सुरुवात आपल्याच शहराच्या 'एचएफसी हार्लेम' या संघातून केली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? तो संघ २०१० साली दिवाळखोरीत निघून इतिहासजमा झाला, हे आपल्या मुलांना बहुधा आपल्याआधी ठाऊक असेल. गुलिटचे वडील सुरिनामचे. १९८७ साली युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान मिळाला तेव्हा गुलिटने तो नेल्सन मंडेलांना अर्पण केला. मंडेला त्या वेळी तुरुंगात होते. खेळाडूवरील साध्या पुस्तकातून मूल येथपर्यंत येते. मग मंडेला कोण, तुरुंगात का, हे प्रश्न येतात. सुरिनाम कोठे आहे, तेथील माणसे येथे कशी आली, हेही प्रश्न येतात. डच सत्तेने सुरिनाममधील गुलामगिरी १ जुलै १८६३ रोजी कायद्याने संपविली, तरी मुक्त झालेल्यांना पुढील दहा वर्षे, म्हणजे १८७३ पर्यंत, सरकारी देखरेखीखाली राबावे लागले. त्याच १८७३ सालच्या ५ जून रोजी 'लाला रूख' हे जहाज भारतातील कंत्राटी मजुरांना घेऊन पारामारिबोला पोहोचले. आणि त्याच १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले, जे त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. १ जुलै २०२३ रोजी या देशाच्या राजाने गुलामगिरीबद्दल जाहीर क्षमा मागितली, ती बातमी आपल्या मुलांच्या शाळांतून चर्चिली गेली. चेंडूपासून निघालेली वाट फुल्यांच्या ग्रंथापर्यंत अशी येऊन पोहोचते.

तिसरे उदाहरण डायनासोर आणि जीवाश्मांचे. स्पार्ने नदीच्या काठी १७८४ साली जनतेसाठी उघडलेले टायलर्स संग्रहालय हे या देशातील सर्वांत जुने संग्रहालय. तेथे एका दगडातील सांगाडा आहे. झ्युरिकचे विद्वान शॉइख्झर यांनी १७२६ साली जाहीर केले की, बायबलमधील महाप्रलयात बुडून मेलेल्या पापी मानवाचा हा सांगाडा होय. धर्मग्रंथाला पुरावा सापडला म्हणून त्याचा बोलबाला झाला. १८०२ साली तो हार्लेमच्या या संग्रहालयाने विकत घेतला. १८११ साली फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूविए येथे आले, त्यांनी दगड हलक्या हाताने कोरला, आतील पुढचे पाय उघडे केले आणि सिद्ध केले की हा मानव नसून एक अवाढव्य सॅलॅमँडर, म्हणजे पाण्यात राहणारा पालीसारखा दिसणारा प्राणी आहे. याच संग्रहालयात आणखी एक जीवाश्म शतकाहून अधिक काळ उडणाऱ्या सरड्याचा म्हणून पडून होता. १९७० साली अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन ऑस्ट्रम यांनी तो आद्यपक्षी आर्किऑप्टेरिक्सचा म्हणून ओळखला, आणि २०१७ साली इतर शास्त्रज्ञांनी तेही मत बदलून त्याला ऑस्ट्रोमिया असे नवे नाव दिले. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे मानू नये, पुरावा पाहावा, आणि नवा पुरावा आला तर आपले मत बदलावे, ही शिकवण देण्यासाठी आपण मुलांपुढे किती व्याख्याने देतो! येथे ती एका दगडातून मिळते, आणि मूल ती स्वतःहून घेते. आपल्या विदर्भातील कुटुंबांसाठी आणखी एक आनंदाची गोष्ट सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या, लांब मानेच्या एका महाकाय डायनासोराला आज 'आयसीसॉरस' या नावाने जग ओळखते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे दीक्षा दिली ते चंद्रपूर हेच, असे मुलाला सांगितले, तर त्याच्या नकाशावरील एकाच ठिपक्याला दोन अर्थ प्राप्त होतील.

भगवान बुद्धांची उपदेशपद्धती यापेक्षा वेगळी कोठे होती? अतिरेकी साधनेने पाय रक्तबंबाळ झालेला सोण निराश होऊन बसला, तेव्हा तथागतांनी त्याला वीणेविषयी विचारले, कारण सोण हा वीणावादनात निपुण होता. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल सोडल्या तरी लागत नाही, हे त्याला सांगावे लागले नाही. ते त्याला ठाऊकच होते. नांगरणी करणाऱ्या भारद्वाजाशी ते नांगर, बियाणे आणि पाऊस यांच्या भाषेत बोलले. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे, जे प्रिय आहे, तेथून आरंभ करावा, हा बोध अडीच हजार वर्षांचा आहे.

परंतु येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. वर दाखविलेल्या वाटा पाहून एखादा उत्साही पालक उद्याच मुलाला म्हणेल, "फुटबॉलचे पुस्तक वाचलेस ना? आता हे 'गुलामगिरी' घे!" तसे केले तर सारेच मुसळ केरात! मूल फार चाणाक्ष असते. आपल्या आवडीचा गळाला लावलेल्या आमिषासारखा उपयोग होत आहे, हे त्याला तत्काळ कळते, आणि मग ते आवडीच्या पुस्तकापासूनही दूर जाते. ड्यूईंनी निषेधलेले साखरेचे वेष्टण ते हेच. वाट दाखविण्याचे काम पुस्तके करतील. आपले काम एवढेच की, मुलाने प्रश्न विचारला की त्याचे उत्तर असलेले पुढचे पुस्तक हाताशी असावे, आणि प्रश्न न विचारल्यास आपण धीर धरावा. काही मुले फुटबॉलपासून फुल्यांपर्यंत येणार नाहीत. ती भौतिकशास्त्राकडे जातील, संगीताकडे जातील. तरीही ती वाचणारी माणसे होतील, आणि वाचणाऱ्या माणसासाठी बाबासाहेबांच्या ग्रंथांचे कपाट केव्हाही उघडे असते. न वाचणाऱ्यासाठी ते उघडे असूनही बंदच.

काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, "आमची आवड कोणी विचारली होती? वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा आम्ही वाचून काढला." हे खरेच आहे, आणि त्याबद्दल त्यांना वंदन केले पाहिजे. परंतु तो कागद त्यांनी कोणाच्या आज्ञेने वाचला नव्हता. नाकारलेल्या अक्षरांची भूक हीच त्यांची आवड होती. आपल्या मुलांना ती भूक नाही, कारण त्यांच्यासमोर ताट वाढलेले आहे, आणि ते ताट वाढले जावे म्हणूनच तर आपण सारे झटलो. भुकेच्या जागी आता कुतूहल हवे.

दुसरा आक्षेप असा की, आवडीच्या नावाखाली मुले केवळ चित्रकथाच वाचतील. या देशात १९५२ पासून निघणारे 'डोनल्ड डक' साप्ताहिक घराघरांतून वाचले जाते. ते वाचणाऱ्या मुलाला हिणवू नये. भरभर वाचण्याचा सराव त्यातूनही होतो. मात्र तेथेच थांबू नये यासाठी त्याच विषयाचे एखादे अधिक मजकुराचे पुस्तक शेजारी असू द्यावे. तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मुलाच्या आवडीचा विषय आज मोबाइलच्या पडद्यावरही हजर आहे आणि तेथे तो विनासायास मिळतो. मग त्याने पुस्तक का उघडावे? म्हणून मी म्हणतो की केवळ विषय पुरेसा नाही. विषयासोबत तीन गोष्टी लागतात. हाताला येईल असे पुस्तक, पडदा बंद असलेली रोजची थोडी वेळ आणि शेजारी बसलेले मोठे माणूस. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महाग आहे. दोन पाळ्यांत काम करून थकलेल्या आईवडिलांना ती परवडणे कठीण, हे मी जाणतो. परंतु पंधरा मिनिटे मुलाने आपल्याला डायनासोर समजावून सांगावा आणि आपण विद्यार्थी व्हावे, एवढे तरी होऊ शकते. ज्या घरात पालक मुलाचा विद्यार्थी होतो, त्या घरात पुस्तकाचा मान आपोआप वाढतो.

राहिला मराठीचा प्रश्न. आपली मुले डच भाषेत वाचतात, ते योग्यच आहे. परंतु आजी-आजोबांशी बोलण्याची भाषा वाचताही यावी, असे आपल्याला वाटते. येथेही उपाय तोच. देवनागरी शिकविताना आपण मुलाला लहान बालकाची पुस्तके देतो. बुद्धीने दहा वर्षांचे असलेले मूल 'कमळ बघ' वाचून कंटाळते. त्याऐवजी त्याच्याच विषयाचे शब्द देवनागरीत द्यावेत. इंजिन, रूळ, सिग्नल, फलाट. जीवाश्म, दगड, हाड, शेपूट. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. 'प्रथम बुक्स'ने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संचातही मराठी बालपुस्तके विनामूल्य मिळतात. आणि जेथे छापील पुस्तक मिळत नाही, तेथे ते घरीच तयार करावे. दूरध्वनीवर आजोबांनी आपल्या लहानपणच्या रेल्वेप्रवासाची गोष्ट सांगावी, मुलाने चित्रे काढावीत, आईने चार-चार ओळी मराठीत लिहाव्यात. अशी वही सुट्टीत गावी नेली म्हणजे आजोबांना तिच्याइतकी मोठी भेट दुसरी नाही.

महाराष्ट्रात महाबळेश्वर-पाचगणीच्या मधील भिलार हे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. तेथे गावकऱ्यांच्या घरांतून पुस्तके ठेवलेली आहेत, आणि ती विषयवार आहेत. एका घरी इतिहास, दुसऱ्या घरी चरित्रे, तिसऱ्या घरी बालसाहित्य. आपल्या आवडीच्या घराचे दार ठोठवावे आणि वाचीत बसावे. सुट्टीत मायदेशी जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे, आणि कोणत्या घरात शिरावयाचे ते मुलांनाच ठरवू द्यावे.

शेवटी आपल्या संघटनांना एक नम्र सूचना. दर वर्षी १४ एप्रिलच्या कार्यक्रमात आपण मुलांची वक्तृत्व स्पर्धा घेतो. पालकांनी लिहून दिलेले भाषण मुले घोकून म्हणतात, आपण टाळ्या वाजवितो, आणि दुसऱ्या दिवशी मूल ते विसरते. ही स्पर्धा बंद करावी असे मी म्हणत नाही. परंतु तिच्याबरोबर अर्धा तास असाही असावा की, ज्यात प्रत्येक मूल आपल्या आवडीचे एक पुस्तक हातात घेऊन, स्वतःच्या शब्दांत, हव्या त्या भाषेत, त्याविषयी पाच वाक्ये बोलेल. विषय बेडकाचा असो वा विमानाचा. बक्षीस एकाला नको, प्रत्येकाला त्याच्याच विषयाचे पुढचे पुस्तक द्यावे. ज्येष्ठांनी पुढील वर्षापर्यंत प्रत्येक मुलाचा विषय लक्षात ठेवावा आणि भेटेल तेव्हा त्याची चौकशी करावी. केळूसकर गुरुजींनी याहून वेगळे काय केले होते? एका मुलाच्या हातात पुस्तक पाहून ते थांबले, त्याची विचारपूस केली आणि पुढचे पुस्तक त्याच्या हाती दिले. आपल्यापैकी प्रत्येकाला एका तरी मुलासाठी इतके करता येण्यासारखे आहे.

जय भीम!